नरक्याचं विष आणि उपसा करणाऱ्या पेशी

मालवणच्या किनाऱ्यावरून कुडाळ, सावंतवाडी करत गाडी आंबोलीच्या घाटाला लागली की माड-पोफळी मागे पडतात आणि सदाहरित रान सुरू होतं. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या रानात मोठ्या झाडांच्या सावलीला एक बेताच्या उंचीचं झाड असतं. पानं फांद्यांच्या शेंड्यांशी दाटीनं आलेली, पावसाळ्यात पिवळट पांढऱ्या फुलांचे झुबके आणि नंतर जांभळासारखी काळसर फळं. पान चुरगळलं की उग्र, नकोसा वास येतो. लोक त्याला नरक्या म्हणतात; काही भागांत अमृता. १८३९ साली मुंबईत छापलेल्या जॉन ग्रॅहमच्या वनस्पतिसूचीत त्याची नोंद झाली. ग्रॅहम पोस्ट खात्यातला अधिकारी. सूची पुरी होण्याआधीच तो वारला आणि जोसेफ निम्मोनं ती तडीस नेली. झाडाच्या आजच्या शास्त्रीय नावात, नॉथापोडायटीस निम्मोनियाना, हा निम्मो अजून टिकून आहे.

त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षं या झाडाच्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. मग मात्र त्याच्या खोडातल्या आणि मुळांतल्या एका पदार्थामुळे ते जगभरच्या औषध कंपन्यांच्या यादीत जाऊन बसलं, आणि त्याच पदार्थानं कर्करोगाच्या डॉक्टरांना एक धडा फार सावकाश शिकवला: औषध जालीम असणं पुरेसं नसतं. ते पेशीत पोचावं लागतं, तिथे थांबावं लागतं आणि वाटेत त्याचं रूप बदलून चालत नाही.

गोष्ट सुरू होते ती आंबोलीत नव्हे, फिलाडेल्फियात. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत मन्रो वॉल हे रसायनशास्त्रज्ञ कॉर्टिसोनसाठी कच्चा माल मिळावा म्हणून हजारो वनस्पतींचे अर्क तपासत होते. १९५७ मध्ये राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या जोनाथन हार्टवेल यांनी त्यांच्याकडे काही अर्क मागितले, कर्करोगाच्या चाचणीसाठी. पुढच्या वर्षी निकाल आला. चीनमधल्या कॅम्प्टोथेका अॅक्युमिनाटा या झाडाच्या अर्कानं उंदरांमधल्या गाठींवर जोरदार काम केलं होतं. पण कृषी खात्याला कर्करोगात रस नव्हता. वॉल १९६० मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या नव्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले, तेव्हा हे अपुरं काम सोबत घेऊन गेले.

तिथे १९६२ मध्ये त्यांना एक साथीदार मिळाला. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. झाल्यावर त्यांनी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. केली आणि ते वॉल यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. १९६३ मध्ये वीस किलो साल आणि लाकूड हाती आलं. अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर तपासून पाहायचा आणि ज्या भागात गुण दिसेल तो पुन्हा विभागायचा, असं चिकाटीचं काम होतं ते. शेवटी फिक्कट पिवळे स्फटिक उरले. अतिनील प्रकाशात धरले की निळे चमकणारे. १९६६ मध्ये त्यांची रचना प्रसिद्ध झाली आणि नाव पडलं कॅम्प्टोथेसिन. याच जोडीनं पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉल या कर्करोगावरच्या दुसऱ्या द्रव्याचीही रचना उलगडली. नंदुरबारच्या या माणसाचं नाव महाराष्ट्रात शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं.

स्फटिक मिळाले, तरी पंचाईत होती. ते पाण्यात विरघळेनात, मग शिरेतून द्यायचे कसे? उपाय सुचला तो असा: या रेणूच्या एका टोकाला लॅक्टोन नावाचं कडं असतं, अल्कलीनं ते उघडलं की सोडियमचं मीठ तयार होतं आणि ते पाण्यात सहज विरघळतं. हेच मीठ १९७० च्या सुमारास रुग्णांना देण्यात आलं. परिणाम वाईट झाले. रक्तपेशी घसरल्या, काहींच्या मूत्राशयातून रक्तस्राव झाला आणि गाठींवर म्हणावा तसा गुण आला नाही. १९७२ मध्ये चाचण्या बंद पडल्या.

का असं झालं, याचं उत्तर पुढे रसायनशास्त्रानं दिलं. औषधाचा जोर बंद कड्यात आहे. आम्लात कडं बंद राहतं, रक्ताच्या ७.४ पीएचला ते उघडू लागतं. लघवी आम्लधर्मी, म्हणून मूत्राशयात गेल्यावर उघडलेलं कडं पुन्हा मिटतं आणि तिथल्या अस्तराला जाळतं. म्हणजे गाठीपाशी औषध निकामी आणि मूत्राशयात पुरतं जागं! त्यात आणखी एक भर. १९९४ मध्ये थॉमस बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यानं दाखवलं की माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उघड्या कड्याचा रेणू घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे सगळं औषध त्याच बाजूला ओढलं जातं. उंदराचं अल्ब्युमिन असं करत नाही. उंदीर बरे होत होते आणि माणसं होत नव्हती, याचं मोठं कारण इतकं साधं होतं. पेशी अजून औषधाशी झगडलीही नव्हती. औषध रस्त्यातच गारद झालं होतं.

गंमत म्हणजे अमेरिकेत ज्या १९७२ साली या औषधाची फाइल मिटली, त्याच वर्षी मुंबईत ती उघडली. गोरेगावला सिबा कंपनीचं संशोधन केंद्र होतं आणि टी. आर. गोविंदाचारी त्याचे संचालक होते. भारतीय वनस्पतींतली द्रव्यं ओळखण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी नरक्यातून, तेव्हाच्या नावानं मॅपिया फोएटिडामधून, कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं. शिवाय त्याचंच एक नवं भावंडही सापडलं. चीनमधल्या झाडाचं आणि सह्याद्रीतल्या झाडाचं कूळ वेगळं, तरी विष एकच. नंतरच्या तपासण्यांत दिसलं की नरक्याच्या सुक्या लाकडात हजारात एखादा भाग तरी हे द्रव्य असतं, मुळांत आणखी जास्त. पण त्या वर्षी हा शोध नियतकालिकाच्या पानांतच राहिला. ज्या औषधाला गिऱ्हाईक नाही त्याचं झाड कोण शोधतो?

गिऱ्हाईक आलं ते १९८५ नंतर. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लिरॉय लिऊ यांच्या गटानं कॅम्प्टोथेसिन नेमकं कुठे वार करतं हे शोधून काढलं. पेशी दुभागताना डीएनएला पीळ बसतो. टोपोआयसोमरेज-१ हे विकर डीएनएचा एक धागा क्षणभर कापतं, पीळ सोडवतं आणि धागा पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन या कापण्या-सांधण्याच्या मधल्या क्षणी येऊन अडकतं, त्यामुळे धागा तुटलेलाच राहतो. तेवढ्यात डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा तिथे येऊन धडकली की दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते. असा वार करणारं दुसरं औषध तेव्हा नव्हतं. पाण्यात विरघळणारी रूपं घडवायला चढाओढ लागली. याकुल्ट या पेयामुळे घरोघरी माहीत झालेल्या जपानी कंपनीनं इरिनोटेकान बनवलं होतं. ते जपानमध्ये १९९४ ला आणि अमेरिकेत १९९६ ला मंजूर झालं. त्याच १९९६ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी टोपोटेकान आलं. मोठ्या आतड्याचा, फुप्फुसाचा, अंडाशयाचा कर्करोग असलेल्यांसाठी हे खरोखरच नवं बळ होतं.

आणि मग, प्रत्येक केमोच्या औषधाच्या वाट्याला येतं ते याच्याही वाट्याला आलं. पहिल्या काही खेपांना गाठ आकसते, घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि काही महिन्यांनी नवा स्कॅन पाहून डॉक्टर गप्प होतात. परळच्या टाटाला किंवा गोव्यात बांबोळीला खेपा घालणाऱ्या मालवणी घरात मग एकच वाक्य ऐकू येतं, "आता औषध लागणा नाय." अंगाला औषधाची सवय झाली, असं लोक समजतात. अंगाला काही झालेलं नसतं. बदललेली असते ती गाठीतली पेशी, आणि काय बदललं ते मोजता येतं.

हे मोजण्याची सुरुवात डेन्मार्कमध्ये झाली. कोपनहेगनला केल्ड डानो उंदरांच्या पोटातल्या गाठीच्या पेशींवर काम करत होते. त्यातल्या काही पेशी डाउनोमायसिन या केमोच्या औषधाला दाद देईनाशा झाल्या होत्या. औषध आत शिरतच नाही, असा तेव्हाचा समज होता. डानोंनी पेशींची ऊर्जा बनवण्याची क्रिया विषारी द्रव्यानं बंद पाडली. लगेच त्या हट्टी पेशींत औषध भरू लागलं. मग त्यांना ग्लुकोज दिलं. ऊर्जा परत आली आणि आत साचलेलं औषध पेशींनी बाहेर काढलं. १९७३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. होडीच्या फळ्यांतून पाणी आत येतच असतं. खलाशी पोटभर जेवलेला असेल तर उपसत राहतो आणि होडी कोरडी दिसते, उपाशी असेल तर हात थांबतात आणि पाणी चढतं. पेशीची भूक आणि तिचा उपसा एकाच दोरीनं बांधलेले आहेत, हे डानोंच्या त्या साध्या प्रयोगात पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. या साऱ्या इतिहासात त्याच्याइतका देखणा प्रयोग दुसरा नाही.

उपसणारा कोण, हे तीन वर्षांनी कळलं. टोरांटोमध्ये रुडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांना दाद न देणाऱ्या पेशींच्या आवरणात एक मोठं प्रथिन सापडलं: पी-ग्लायकोप्रोटीन. हा पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून चालतो, आणि तो एका औषधापुरता नसतो. एकमेकांशी रचनेत काही साम्य नसलेली कितीतरी औषधं तो बाहेर टाकतो. वाणींचं टॅक्सॉलही त्यात आलं. म्हणजे रुग्णाला एक औषध लागेनासं झालं की न घेतलेली औषधंही कुचकामी ठरू शकतात.

१९८१ मध्ये टोकियोच्या ताकाशी त्सुरुओंनी आशा जागवली. रक्तदाबावर आणि हृदयविकारावर दिलं जाणारं व्हेरापामिल हा पंप अडवतं, असं त्यांना ल्युकेमियाच्या पेशींत दिसलं. पण माणसात तेवढी मात्रा दिली की हृदयच डळमळायचं. पुढे खास या कामासाठी व्हॅलस्पोडारसारखी औषधं बनवली गेली आणि मोठ्या चाचण्या झाल्या, पण रुग्ण त्यामुळे जास्त जगले नाहीत. कारण हे पंप गाठीनं स्वतःसाठी शोधून काढलेले नाहीतच. आतडं, यकृत, मूत्रपिंड, मेंदूच्या रक्तवाहिन्या, सगळीकडे ते अन्नातलं विष बाहेर टाकायला बसलेले आहेत. ते अडवले की केमोचं औषध शरीरातून निघता निघत नाही, आणि मार निरोगी अवयवांना बसतो.

नरक्याच्या औषधाला पी-ग्लायकोप्रोटीनचा त्रास तुलनेनं कमी. त्याचा वैरी निराळा निघाला, आणि तो सापडला एका हुशारीच्या प्रयोगातून. स्तनाच्या कर्करोगाच्या काही पेशी अॅड्रियामायसिन या केमोच्या औषधात वाढवल्या होत्या, पण सोबत व्हेरापामिलही घातलं होतं. म्हणजे नेहमीचा पंप बांधूनच टाकला होता. तरीही पेशी तगल्या. बाल्टिमोरच्या मेरिलँड विद्यापीठातल्या ऑस्टिन डॉयल आणि डग्लस रॉस यांनी १९९८ मध्ये त्यांच्यातला नवा पंप उघडा पाडला. त्याला बीसीआरपी किंवा एबीसीजी-२ म्हणतात. टोपोटेकान आणि इरिनोटेकानचं सक्रिय रूप, दोन्ही तो बाहेर काढतो. त्याच सुमारास तोच पंप वारेतही भरपूर सापडला. गर्भापर्यंत विष पोचू नये म्हणून तो तिथे राखण करतो. आतड्यातली त्याची ताकद डच डॉक्टरांनी रुग्णांवर मोजली. तोंडानं दिलेल्या टोपोटेकानपैकी ४० टक्के रक्तात पोचत होतं; पंप अडवणारं औषध सोबत दिल्यावर ते ९७ टक्क्यांवर गेलं.

आता गाठीच्या खाण्यापिण्याकडे वळायला हवं. १९२० च्या दशकात बर्लिनच्या ओट्टो वारबुर्ग यांनी पाहिलं होतं की गाठीतल्या पेशी प्राणवायू असतानाही ग्लुकोज आंबवून लॅक्टिक आम्ल बनवतात. हे आम्ल पेशी बाहेर टाकतात आणि गाठीभोवतीचा भाग आंबट होतो. अॅड्रियामायसिनसारखी अल्कलीधर्मी औषधं या आम्लात विद्युतभारित होतात आणि पेशीच्या दाराबाहेरच अडकून पडतात. कॅम्प्टोथेसिनच्या घराण्याचं उलटं आहे. आम्लात त्याचं कडं मिटतं, ते जोमदार होतं आणि पेशीत सहज शिरतं. गाठीचा तोच आंबटपणा एका औषधाच्या आड येतो आणि दुसऱ्याच्या कामी. पण गाठीच्या आतल्या भागात रक्त कमी पोचतं, प्राणवायू तुटपुंजा असतो, आणि तेव्हा पेशीतलं एचआयएफ-१ हे प्रथिन जागं होतं. ते साखर जाळण्याची यंत्रणा वाढवतं आणि सोबत पी-ग्लायकोप्रोटीन व बीसीआरपी या दोन्ही पंपांची संख्याही. शिवाय अशा पेशी हळू वाढतात, आणि कॅम्प्टोथेसिनला मारायला डीएनएची नक्कल चालू असलेली पेशी लागते.

इरिनोटेकानचा प्रवास तर आणखी वाकडा. ते स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं कार्बोक्सिलएस्टरेज हे विकर त्याचा एक तुकडा तोडतं, तेव्हा एसएन-३८ तयार होतं, ते मूळ औषधाहून शेकडो पटींनी जालीम. मग यूजीटी-१ए१ नावाचं दुसरं विकर त्याला साखरेसारखा एक रेणू जोडून निष्प्रभ करतं आणि पित्तावाटे आतड्यात धाडतं. आतड्यातले जिवाणू तो जोडलेला रेणू खाऊन टाकतात, एसएन-३८ पुन्हा मोकळं होतं आणि रुग्णाला जुलाबांनी हैराण करतं. ज्यांच्यात यूजीटी-१ए१ जन्मतः मंद असतं, त्यांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीवर घसरू शकतात. २००५ मध्ये अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा घालावा लागला. उलट गाठीतल्या पेशींनीच हे विकर जास्त बनवलं, तर त्या जागच्या जागी औषध बोथट करतात. त्याच विकरामुळे एका रुग्णाला औषध झेपत नाही आणि दुसऱ्याला ते लागत नाही. मात्रा ठरवणाऱ्या डॉक्टरची खरी कसोटी इथे आहे.

हे सगळं प्रयोगशाळांत चाललं होतं, तेव्हा सह्याद्रीत कुऱ्हाडी चालत होत्या. औषध कृत्रिमरीत्या पूर्णपणे बनवणं महाग पडतं, त्यामुळे कच्चा माल झाडातूनच यायचा. नव्वदच्या दशकापासून नरक्याच्या ढलप्यांना परदेशातून मागणी आली. सिंधुदुर्गात आंबोली, दोडामार्गकडे आणि घाटमाथ्यावर चंदगड, राधानगरीकडे ठेकेदारांची माणसं फिरू लागली. रानातल्या गरीब कुटुंबांना किलोमागे थोडके पैसे मिळत. माल पोत्यांत भरून निघून जाई. मुळांत द्रव्य जास्त, म्हणून झाड मुळासकट खणलं जायचं, त्यामुळे पुन्हा फुटवा येण्याची आशाही संपायची. वनखात्यानं साठे पकडल्याच्या बातम्या स्थानिक दैनिकांत वारंवार आल्या. आंबोलीच्या पायथ्याच्या गावात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असता, तर शेजारच्या रानातलं द्रव्य जपानला जाऊन, बाटलीत भरून, परत त्याच्यापर्यंत यायचं. आणि किंमत ऐकून कितीजणांनी उपचार सोडून दिले असतील. भारतीय कंपन्यांची जेनेरिक औषधं आली तेव्हा हे चित्र बरंच बदललं. रान मात्र विरळ झालं ते झालंच.

झाड वाचवून द्रव्य मिळवायची धडपड भारतातच झाली. २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी जर्मन सहकाऱ्यांसह नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतून कॅम्प्टोथेसिन मिळवलं. टाकीत बुरशी वाढवली की काम झालं, असं वाटलं होतं. पण कॅम्प्टोथेकातल्या अशाच बुरशीचा अनुभव निराळा आला: झाडाबाहेर पिढ्या वाढवत गेलं की तिचं उत्पादन घसरत जातं.

यातूनच एक जुना प्रश्न वर आला. टोपोआयसोमरेज प्रत्येक सजीवात असतं, मग स्वतःच्या अंगात हे विष भरून घेणारं झाड मरत कसं नाही? २००८ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठातल्या गटानं कॅम्प्टोथेकाचं आणि ओफिओरायझा या कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या दुसऱ्या वनस्पतीचं टोपोआयसोमरेज वाचून काढलं. विषाशी जिथे गाठ पडते त्या जागी, माणसाच्या विकरातल्या ७२२ व्या क्रमांकाला जुळणाऱ्या ठिकाणी, अॅस्परॅजिनऐवजी सेरीन बसलेलं होतं. एका अमिनो आम्लाचा फरक. आणि नेमका हाच फरक त्याआधी प्रयोगशाळेत, कॅम्प्टोथेसिनला न जुमानणाऱ्या माणसाच्या ल्युकेमियाच्या पेशींत सापडलेला होता. झाडानं उत्क्रांतीच्या ओघात काढलेली युक्ती कर्करोगाच्या पेशीनं काचेच्या बशीत काढली होती.

गेल्या काही वर्षांत डॉक्टरांनी पंपाशी आणि अल्ब्युमिनशी थेट झुंजण्याऐवजी वाटच बदलली आहे. या घराण्यातला रेणू प्रतिपिंडाला जोडायचा. प्रतिपिंड गाठीच्या पेशीवरची खूण ओळखून तिला चिकटतं, पेशी त्याला ओढून आत घेते आणि विष आतच सुटतं. २०१९ च्या डिसेंबरात स्तनाच्या कर्करोगासाठी ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकानला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि २०२० च्या एप्रिलमध्ये सॅसिट्युझुमॅब गोव्हिटेकानला. पहिल्यात कॅम्प्टोथेसिनचं नवं भावंड आहे, दुसऱ्यात तेच जुनं एसएन-३८. त्याच एप्रिलमध्ये मनसुख वाणी ९५ व्या वर्षी वारले.

२०२१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी सॅसिट्युझुमॅब गोव्हिटेकानला दाद देईनाशा झालेल्या एका रुग्णाच्या गाठींची जनुकं वाचली. शरीरात दोन ठिकाणच्या गाठींनी दोन निरनिराळे मार्ग काढले होते. एकीकडे टोपोआयसोमरेज-१ चं जनुक बदललं होतं. दुसरीकडे प्रतिपिंड जी खूण ओळखतं, त्या खुणेचंच. रुग्ण एकच, औषध एकच. आता प्रयत्न चालले आहेत ते गोव्हिटेकान आणि डेरुक्सटेकान यांपैकी आधी कोणतं द्यावं, एकानंतर दुसरं लागू पडतं का, आणि गाठीचा तुकडा मधूनमधून तपासून हे आधीच ओळखता येईल का, हे ठरवण्याचे. परळपासून बॉस्टनपर्यंतच्या मोठ्या केंद्रांत जनुकं वाचण्याची सोय आहे. सिंधुदुर्गातल्या रुग्णाला त्यासाठी अजूनही जिल्ह्याबाहेर जावं लागतं.